पांढरं पाणी

पाणी पांढरंच राहिलं.

पार्बताबाईनं पुन्हा एकदा गोवर्धनच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, दंडांवरून हात ओढत खाली आणले आणि परातीतल्या चुन्याच्या पाण्यात चोळून धुतले. तेल्हाऱ्याच्या आसपास कुणालाही कावीळ झाली की या म्हातारीकडे आणायचे. अंगातली कावीळ तिच्या हाताला येते, पाण्यात उतरते आणि पाणी हळदीसारखं पिवळं होतं, अशी तिची ख्याती. आजवर एकाही रोग्याचं पाणी पिवळं व्हायचं राहिलं नव्हतं. आज मात्र परातीत नुसतं ताकासारखं पांढरं काहीतरी हलत होतं.

कौशल्या नवऱ्यामागे उभी होती. तिनं वाकून परातीत पाहिलं.

आठ दिवस झाले, गोवर्धन पिवळा पडत चालला होता. आधी डोळे, मग नखं, मग सगळं अंग. अन्नाचा वास आला तरी त्याला ओकारी यायची. पण हा बाबा ऐकतोय कुठे! सातासमुद्रापार कुणाची तरी लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. गाडीवानाला आजारी पडायलाही सवड नव्हती. उद्या चाळीस गाड्या कापूस घेऊन अकोल्याला निघणार होत्या. "कावीळ उतरवून घेतो अन् उद्या गाडी जुंपतो," असं तो वाटेभर सांगत आला होता.

खरं सांगायचं तर कौशल्यालाही तेच हवं होतं. वेचणी, बैलांचा चारा, घरचं रांधणं आणि वर याची खाजणारी पाठ, या सगळ्यानं ती पार मोडून गेली होती. हा बरा झाला एवढं कुणीतरी म्हणावं आणि आपण घटकाभर भिंतीला टेकावं, याच्यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं.

"निघत नाइ," पार्बताबाई म्हणाली. "लई खोल गेली."

"म्हंजे?" गोवर्धननं विचारलं.

म्हातारीनं त्याच्या उजव्या बरगडीखाली, यकृताच्या जागी हात ठेवला. "रक्त जुनं झालं का झडते. त्याचा पिवळा रंग हे काळीज गाळते, पित्तात सोडते, अन् मग तो मळासंगं बाहेर जाते. तुहं काळीज दमलं, बापू. तो रंग रक्तातच फिरून राहिला. म्हनून डोळे पिवळे, अन् मळ मातीवानी पांढरा. खरं का नाइ?"

गोवर्धननं मान हलवली. ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती.

"बाजारातल्या डबक्याचं पानी प्यालेले चार गाडीवान आले माह्याकडं. तू पाचवा. आता एकवीस दिवस खाटेवरून उतरू नको. ताक-भात खाय, पानी उकळून पे. गाडीवर बसशीन, त मंग मले बोलावू नको. खांदेकऱ्यायलेच बोलाव."

गोवर्धनचं धाबं दणाणलं. येताना ऐटीत चालत आलेला माणूस जाताना बायकोच्या खांद्याचा आधार घेत गेला.

चाळीसातली एक गाडी कमी झाली, बाकीच्या अकोल्याला गेल्या. गोवर्धन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कौशल्या राबत राहिली. इकडे गावभर बोभाटा झाला, की पार्बताबाईच्या हातचा गुण गेला. लोक आजाऱ्यांना घेऊन दुसऱ्या गावच्या वैदूकडे जाऊ लागले. म्हातारीच्या अंगणात चिटपाखरू फिरकेना.

तिसऱ्या आठवड्यात गोवर्धनचे डोळे निवळले, मळाला रंग आला. बाविसाव्या दिवशी त्यानं स्वतःच्या तोंडानं भाकर मागितली. कौशल्या चुलीपुढेच हमसून हमसून रडली. आनंद होताच, पण त्याहून जास्त शीण होता.

संध्याकाळी ती खण-नारळ घेऊन पार्बताबाईकडे गेली. म्हातारी अंगणात एकटीच बसली होती. चुन्यानं खाल्लेल्या बोटांना तेल लावत होती.

"माय, एक इचारू?" कौशल्या अवघडून म्हणाली. "लोक म्हंतात तुमचा गुण गेला. पन माह्या घरचा मानूस त उठला. मंग त्यायचं पानी काहून पिवळं नाइ झालं?"

पार्बताबाई थकल्यासारखी हसली. "नत्थुजी गाडीवान आठवते का तुले? त्याचं पानी झालं होतं पिवळंधम्मक. कावीळ उतरली म्हने, अन् त्याच दिशी गाडी जुंपली. अर्ध्या वाटेतच गेला. बाकीचे बरे झाले ते घरी पडून राह्यले म्हनून झाले, पोरी. माह्या हातानं नाइ झाले."

"पन पानी?"

"आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताले चोळला, का चुन्याचं पानी पिवळं होते." म्हातारीनं तिच्या हातातला नारळ हळूच परत तिच्याच ओटीत ठेवला. "तुहा नवरा कमरेले चाबूक खोचून येतानी दिसला, अन् मी आत जाऊन हात धुवून आली."