कप्तानाची माफी

"शिंपीकाका आहेत का? मी सूत्रधार."

दार उघडणारी बाई नुसती बघत राहिली. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती, हातात ओला नॅपकिन. आपण भलतीच ओळख सांगितली, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पोटासाठी तो कवळ्या बनवायचा. सूत्रधार तो फक्त फोनवरच्या गटात, जिथे एकोणीस माणसं मिळून एका जहाजाची कादंबरी लिहीत होती. प्रत्येकाचं एक पात्र, प्रत्येकाला ठरलेली पाळी, आणि भांडणं मिटवायला हा. बायको या उद्योगाला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची.

"या," ती शेवटी म्हणाली. "मी त्यांची मुलगी. कुणीतरी येणार, असं वाटलंच होतं."

शिंपीकाका पलंगावर उशांना टेकून बसले होते. उजवा हात कुणीतरी मांडीवर ठेवून दिल्यासारखा, तोंड एका बाजूला ओघळलेलं. दोन वर्षं या माणसाने गटात कुणाचं म्हणून कौतुक केलं नव्हतं. शेरा ठरलेला असायचा : जास्तीचं कापड कापा. तो माणूस इतका लहानखुरा असेल, असं सूत्रधाराला वाटलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"कधी झालं हे?"

"तीन महिने झाले. बोलता येत नाही. कळतं सगळं." तिने वडिलांची हनुवटी पुसली. "पाळी चुकली की तुम्ही पात्राला समुद्रात ढकलता. बाबांना दुसरं काय राहिलंय? म्हणून मी त्यांच्या नावाने लिहीत गेले."

खोटं नव्हतं ते. तीन पाळ्या चुकवणाऱ्याचं पात्र बुडायचं. जहाजावरचा आचारी आणि दोन खलाशी असेच गेले होते. पण त्याहून जुना नियम होता तो दुसऱ्याच्या पात्राला हात न लावण्याचा, आणि कालपासून गटात त्यावरूनच रणकंदन माजलं होतं. काकांच्या नावावरच्या अठ्ठावीस भागांत त्यांच्या ज्या कप्तानाने कुणाला साधं 'बरं' म्हटलं नव्हतं, त्याने एकोणतिसाव्या भागात, जहाज पुतण्याला दिल्याबद्दल, चक्क स्वतःच्या मुलीची माफी मागितली होती. गटातल्या वकीलबाईंनी लगेच हरकत घेतली : हा आपला कप्तान नव्हे, कुणीतरी घुसलंय, भाग काढून टाका. अकरा जणांनी त्यावर होकाराचे अंगठे टेकवले होते.

"ते जहाज पुतण्याला देण्याचं…" सूत्रधार अडखळला.

"जहाज कसलं, दुकान. अठरा वर्षं मी तिथे मशीन चालवलं. चावी बाबांनी त्याला दिली." ती हळू बोलत होती, पण पलंगावर ऐकू जाईल इतपत. "मला दुकान नकोय हो आता. कधीतरी चुकलो म्हणतील, एवढीच वाट बघत होते. तर जीभच गेली. मग मीच त्यांच्या तोंडून म्हणवून घेतलं. नव्हतं करायला हवं. काढून टाका तो भाग."

"त्यांना वाचून दाखवलात?"

"कुठल्या तोंडाने?"

सूत्रधाराने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कवळी बसेना तर ती घासता येते. इथे काय करायचं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने नियमाचाच आधार घेतला.

"ठेवायचं की काढायचं, ते पात्राचा मालक ठरवतो. काका, वाचू?"

म्हाताऱ्याने पापणी मिटून उघडली. मुलगी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

त्याने फोनमधून वाचलं. आवाज सभेचं इतिवृत्त वाचावं तसा ठेवला. "'सुकाणू तुझं होतं. मी पुतण्याला दिलं. चुकलो.' एवढं बोलताना कप्तानाचा कंठ दाटून आला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले."

मग शिंपीकाकांचा डावा हात पुढे आला. सूत्रधाराने फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. बोट काचेवर टेकलं, चुकलं, परत टेकलं. एकेक अक्षर पुसलं जाऊ लागलं.

"काढताहेत ना?" तिने मागे न बघता विचारलं.

"हो."

"काढू देत."

बराच वेळ गेला. काकांनी फोन एका बोटाने पुढे सरकवला आणि मान उशीवर टेकली. सूत्रधाराने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"रडणं कापलंय," तो म्हणाला. "कंठ, अश्रू, सगळं. माफी आहे तशी आहे."

ती वळली. म्हाताऱ्याचे डोळे ठणठणीत कोरडे होते, आणि तिच्यावरच लागलेले होते. तिने मोजपट्टी गळ्यातून काढली, ठेवायला जागा सापडेना म्हणून हातातच धरली, आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिचे खांदे तेवढे हलत होते.

सूत्रधाराने सुधारलेला भाग गटात टाकला. आजाराबद्दल काही लिहिलं नाही. लिहिलं एवढंच, की मालकाने भाग स्वतः तपासला आहे. मग तो उत्तराची वाट बघत बसला. जायला हवं होतं, पण पाय निघेना.

फोन थरथरला. वकीलबाई.

"काय म्हणतात?" मुलीने नाक पुसत विचारलं.

त्याने वाचून दाखवलं, "हां. आता बोलला आपला कप्तान."