क्रूझवरची संकष्टी

"नऊला बुफे बंद होईल," असं क्रूझवर दुसऱ्यांदा पुकारलं, तरी शरयूबाई समोरची ताटली उपडी ठेवून बसल्या होत्या. दुबईच्या सहलीत नेमकी संकष्टी आली होती, आणि चंद्र बघितल्याशिवाय त्या उपास सोडत नसत. पूर्वेला तर झगमगत्या टॉवरांची भिंतच उभी होती.

नीलकंठरावांना उपास नव्हता. पण चाळीस वर्षांत संकष्टीला ते बायकोच्या आधी कधी जेवले नव्हते, आणि आज डायबेटिसची गोळी घेऊन तास उलटल्यामुळे त्यांना घाम फुटला होता. बिचारी सकाळपासून चहावर आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी एका टॉवरच्या टोकावरच्या गोल दिव्याकडे हात केला.

"तो बघ, उगवला!"

शरयूबाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं, हात जोडले, दोघांच्या ताटल्या भरून आणल्या आणि पहिला घास घेतला. आपण बायकोला, शिवाय गणपतीलाही फसवलं, हे नीलकंठरावांना दुसऱ्या रोटीला जाणवलं. तेवढ्यात आतषबाजी सुरू झाली. सगळे मोबाइल घेऊन कठड्याशी धावले, आणि दोन टॉवरांच्या फटीतून खरा चंद्र वर आला. नीलकंठरावांनी घाईघाईने खुर्ची त्याच्या आड ओढली.

"सरका जरा, नमस्कार करू दे," शरयूबाई म्हणाल्या.

"म्हणजे मघाशी...?"

"दिवा होता. दिसतं मला." त्यांनी नवऱ्याच्या ताटलीत आणखी भात वाढला. "पण तुमचा हात थरथरत होता."