फुटका साबण

यंदाचे तुकडे नको इतके चांगले होते. सगुणा घरापुढच्या खळ्यात धार गेलेली जुनी विळी घेऊन साबण चिरत बसली होती. शेजारी तीन दगडांवर टोपात पाणी तापत होतं. घरामागे तिचा नवरा, भिकाजी, आंघोळ करत होता. तो कालच्या बोटीने मुंबईहून शिमग्याला आला होता आणि दर वर्षीसारखं साबणाचं गाठोडं घेऊन आला होता.

भिकाजी मुंबईत साबणाच्या कारखान्यात होता. तिथे कुठली वडी करपायची, कुठलीला तडा जायचा, कुठलीवर ठसा वाकडा उठायचा. असला बाद माल कामगारांना मिळे. सगुणा त्याचा धुण्याचा साबण करी. तिने स्वतः उंडीचं तेल आणि राखेचा खार घालून केलेला साबण नुसता वापरला तर हात सोलून काढी. मुंबईचे तुकडे त्यात शिजले की तो मवाळ व्हायचा. मग करवंट्यांत ओतायचा आणि सावलीत थिजू द्यायचा. मिरकरवाड्याच्या बायका तो हातोहात नेत. मासळीचा वास दुसऱ्या कशाने जात नाही म्हणत.

"माजा भिकाजी नसता तर त्या कारखान्याचं चाक फिरलं नसतं!" ओटीवरून सासू रस्त्याने जाणाऱ्या मैनेला ओरडून सांगत होती.

"बरंय गो चिमे तुजं," मैना म्हणाली. "आमचा आत्माराम येऊन बसलाय घरी. मुंबईत कारखान्यांना कुलपं लागतायत म्हणे."

"लागू देत! माज्या पोराला सायब सोडतोय होय? पालखी घरी येईपर्यंत थांबायला जमत नाय त्याला. परवाच जायचंय. रजाच नाय!"

सकाळपासून म्हातारीने हेच लावलं होतं. एरवी चार शब्द विचारले तर एकाचं उत्तर देणारी बाई, पण आज तोंडाला खळ नाही. सगुणाच्या कपाळाला आठी पडली. पोराचं कौतुक असावं, पण इतकं? आणि तेही देवाची पालखी दारात यायच्या आधी पळणाऱ्या पोराचं? लग्न झाल्यापासून त्याने एकदाही पालखी चुकवली नव्हती.

तिने पुढचा तुकडा उचलला. गुलाबी. त्याच्या आधीचाही गुलाबीच. करपलेला एक नाही, ठसा वाकडा एक नाही. एकावर अर्धं कमळ उठलं होतं. सहज म्हणून तिने उरलेलं अर्धं कमळ शोधलं आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. ते असे बसले की मधली रेघही दिसेना.

तिचे हात थांबले. बाद माल म्हणजे दहा घाण्यांतले दहा तुकडे. एकाचा दुसऱ्याला मेळ कधी लागत नसे. तिने भराभर तुकडे जुळवायला घेतले. पहिली वडी अख्खी झाली. दुसरी झाली. तिसरीला फक्त एक कोपरा कमी पडला. तिने गाठोड्याचं फडकं झाडलं, विळीखाली पाहिलं. कोपरा कुठेच नव्हता.

पण आता कोपऱ्याने काय होणार होतं? धडधाकट वड्या होत्या. दुकानातून विकत घेतलेल्या आणि हाताने मोडलेल्या. काल रात्री भिकाजीच्या कमरेला चांदीचा करगोटा दिसला नाही, तेव्हा "खोलीवर ऱ्हायला" म्हणाला होता. आता तिला कळलं करगोटा कुठे गेला ते. कारखानाच राहिला नव्हता, तिथे खोली कुठली! तिला रडू आलं आणि संतापही आला. अरे, बायकोला खरं सांगायची एवढी लाज? आणि परवा जाऊन हा माणूस निजणार कुठे, खाणार काय?

भिकाजी ओल्या पंच्याने डोकं पुशीत आला. विळीपाशी मांडलेल्या वड्या पाहिल्या आणि जागीच उभा राहिला.

"सगुणे, ते..."

सगुणाने ओटीकडे नजर टाकली. म्हातारी अजून रस्त्याकडेच तोंड करून बसली होती. सगुणाने तिन्ही वड्या पुन्हा विस्कटल्या आणि सगळे तुकडे टोपात लोटले.

"काय ते? मला कायएक दिसलं नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी परवाच्या बोटीने जायचं नाय. माज्या एकटीच्याने आता हे ढवळणं होत नाय. दोघं मिळून इथंच साबण करू."

भिकाजी तिच्याशेजारी टेकला. "आणि आयेला काय सांगू? गावभर नाव करत बसलीय माजं. तिला कळलं तर हाय खाईल ती."

"तिला कोण सांगतंय?"

तेवढ्यात म्हातारी गुडघ्यांवर हात टेकीत ओटीच्या पायऱ्या उतरली. ती टोपापाशी आली. साबण विरघळून वर गुलाबी फेस चढत होता. काल रात्री गाठोडं तिनेच सोडलं होतं, हे सगुणाला तेव्हा आठवलं.

म्हातारीने कनवटीची गाठ सोडली, साबणाचा एक गुलाबी कोपरा काढला आणि टोपात टाकला.

"हा तेवढा ऱ्हायला होता," ती म्हणाली. "ढवळ रे भिक्या, खाली लागेल."