पैऱ्यावरची मॉड्यूल

शेवटच्या स्लाइडवर क्रांतीनं 'पुढील काम' असं लिहिलं होतं आणि परीक्षकांचं बोट नेमकं तिथंच जाऊन थांबलं.

कॉलेजात ही रीतच होती. एम.ई.च्या प्रबंधात जे जमलं नाही ते 'पुढील काम' म्हणून शेवटी ढकलायचं, परीक्षकांनी मान डोलवायची आणि सगळ्यांनी मटण जेवायला जायचं. पण हे पुण्याहून आलेले गृहस्थ मान डोलवणाऱ्यातले दिसत नव्हते.

"तुम्ही काय केलंय ते साध्या शब्दांत सांगा."

"सर, प्रोग्रॅमचे सुटे भाग असतात, मॉड्यूल. या फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक मॉड्यूल पुरं झाल्यावरच दुसरं त्याच्यावर उभं राहतं. दोघांना एकमेकांची गरज पडली की भाषा नाही म्हणते. मी तिला हो म्हणायला लावलंय."

"मग आधी कुठलं तयार होतं?"

"कुठलंच न्हाय." घाईत घरची बोली तोंडातून निघाली आणि मग क्रांती तशीच बोलत राहिली. "आमच्या आजऱ्याकडं भाताच्या लावणीला पैरा करत्यात, सर. आज आम्ही शालूबाईंच्या रानात, उद्या त्या आमच्या. कुणी काय द्यायचं तेवढं आधी ठरतं. त्या शब्दावर दोन्ही रानं लागत्यात. माझी मॉड्यूल तशीच हायत."

परीक्षक पहिल्यांदाच हसले. "आणि शालूबाई आल्याच नाहीत तर?"

नेमकं तेच क्रांतीच्या 'पुढील काम'मध्ये होतं. तिचा प्रोग्रॅम अशा वेळी नुसता वाट बघत बसायचा. चूकही सांगायचा नाही, पुढंही जायचा नाही. आज प्रबंध अडकला, तर चेन्नईची संशोधनाची जागा हातची गेलीच म्हणायची, आणि त्या जागेवर तिचा फार जीव होता.

तिचे मार्गदर्शक अण्णासो पाटील मदतीला धावले. "ते पुढचं काम हाय, सर."

"पैऱ्यात हे पुढचं काम असतं का?" परीक्षकांनी क्रांतीलाच विचारलं.

वेळ मारून नेता आली असती. पण तिला ते जमेना. "न्हाय, सर. न आलेल्याचं नाव त्याच दिवशी गावभर होतं. माझ्या प्रोग्रॅमला ते येत न्हाय. तुम्ही जेवून येईस्तोवर वेळ द्या."

अण्णासोंनी कपाळाला हात लावला आणि पोरीच्या चेन्नईच्या जागेचं सांगत पाहुण्यांना राजारामपुरीत जेवायला नेलं.

क्रांती कोपऱ्यातल्या जाडजूड मॉनिटरपुढं बसली. ठरलेलं मिळालं की नाही याची खूण ठेवायची आणि कुणी मागितलं की आधी ती बघायची, एवढंच करायचं होतं. तरी चुकलं, पुन्हा चुकलं, आणि पाहुण्यांची पावलं जिन्यावर वाजली तेव्हा कुठं जमलं.

परीक्षक बडीशेप चघळत आत आले. त्यांनी एका मॉड्यूलमधली ओळ स्वतःच पुसली आणि प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर तत्काळ उमटलं, कुठल्या मॉड्यूलनं कुणाला कबूल केलेलं दिलं नाही, दोघांच्या नावानिशी.

अण्णासोंनी चष्म्याविना पहिला शब्द तेवढा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, एरर आली की!"

"चेन्नईत सगळ्यात आधी हीच दाखवा," परीक्षक क्रांतीला म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.

क्रांतीचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"आली की, सर!" ती अण्णासोंना म्हणाली.