फलाटावरची माणसं

चाकूचं पातं फलाटात घुसलं आणि पहिली निघाली ती शिवणवाली.

बोटाच्या पेराएवढी, काडेपेटीच्या काडीतून कोरलेली. जुन्या खेळण्यांच्या व्यापाऱ्याने तिला चिमटीत धरून उजेडात पाहिलं आणि शेजारच्या वर्तमानपत्रावर टाकलं. मग पातं पुढच्या माणसाच्या पायाखाली सरकवलं.

अर्धी खोली अडवणाऱ्या फळीवर घड्याळजींची आगगाडी मांडलेली होती. दोन इंजिनं, अकरा डबे, बोगदा, सिग्नल आणि हे स्टेशन. घड्याळजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची बायको आता मुलाकडे राहायला निघाली होती आणि मुलाच्या घरात ही फळी मावणार नव्हती. विकायची, इथवर मायलेकांचं एकमत होतं. कशी विकायची, यावर महिनाभर घासाघीस चालली होती. मुलाचं म्हणणं, सुटी विकली तर दुप्पट येतील. तिचं म्हणणं एवढंच, की जाईल तिथे अख्खी जावी. कोपऱ्यावरचा सलूनवाला अख्खी मागत होता, केस कापताना पोरं स्वस्थ बसतील म्हणून; पण त्याचा आकडा ऐकून मुलगा हसला होता.

व्यापारी जाणकार होता, यात शंका नाही. भिंग लावून त्याने एकेक चाक तपासलं होतं, कारखान्याचं नाव नुसत्या रंगाच्या वासावरून सांगितलं होतं. इंजिनं उत्तम. डबे उत्तम. स्टेशन तर मिळतच नाही हल्ली. फक्त ही घरगुती माणसं चिकटवून कुणीतरी त्याची वाट लावलीय, असं तो पातं चालवता चालवता समजावत होता. खरवडून काढली की भाव चढेल. गिऱ्हाईक काचेच्या कपाटात ठेवतं, त्याला फलाट मोकळा लागतो.

‘कुणीतरी’ हा शब्द घड्याळजींच्या बायकोने ऐकला आणि गिळला.

शिवणवालीच्या जागी फलाटावर कागदाची एक चिठोरी उघडी पडली होती. व्यापाऱ्याने ती उचलली, भिंग धरलं आणि मोठ्याने वाचलं, “समुद्र बघायला.” मुलाकडे पाहून तो हसला. मुलगाही हसला, थोडासा. मग व्यापाऱ्याने फुंकर मारली आणि चिठोरी उडाली.

घड्याळजींची बायको गुडघे टेकून खाली बसली. फरशी चाचपत चाचपत तिने चिठोरी शोधून काढली.

“हात बाजूला घ्या,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण व्यापाऱ्याचा हात थांबला.

मग ती एका दमात बोलली. घड्याळजींनी विचारल्याशिवाय इथे कुणालाही उभं केलेलं नाही. दुकानात घड्याळ दुरुस्तीला टाकायला माणूस आला की ते विचारायचे, गाडी सुटतेय, कुठे जायचंय? लोकांना आधी थट्टा वाटायची. घड्याळ न्यायला येत तेव्हा खरं सांगत. सांगेल त्याला फलाटावर जागा, आणि ठिकाण त्याच्या पायाखाली. शिवणवाली चाळीस वर्षं समोरच्या जिन्याखाली मशिनवर बसली, गल्लीबाहेर गेली नाही.

“समुद्राचं तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. ह्यांना सांगितलं. आणि तुम्ही ते हसून वाचता? माझ्या घरात बसून?”

व्यापारी म्हणाला, मावशी, भावना मला कळतात, बाजाराला कळत नाहीत. मुलाने नरमाईने तिची समजूत काढायला सुरुवात केली. शेवटी त्या काड्याच आहेत, काड्यांपायी अर्ध्या पैशांवर पाणी सोडायचं का?

“काड्या,” ती म्हणाली. “तूही आहेस त्यांच्यात. त्या बाकाशेजारी, पाच वर्षांचा. उपटायचीच असतील तर तुझ्यापासून सुरुवात कर. आणि तुझ्या पायाखाली काय लिहिलंय, तेही ह्या गृहस्थांना वाचायला सांग. मोठ्याने.”

मुलगा बाकाकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला नाही.

व्यापाऱ्याने आकडा वाढवला. मग आणखी वाढवला. म्हणाला, असा भाव घेऊन पुन्हा कुणी दारात येणार नाही.

तोवर तिने घड्याळजींच्या खणातून गोंदाची नळी काढली होती. आधी चिठोरी बसवली. मग वर्तमानपत्रावरून शिवणवालीला उचललं, पदराने पुसलं, तिच्या पायांखाली थेंब लावला आणि तिच्या जागेवर बोटाने दाबून धरलं.

“सलूनवाल्याला सांग, चार माणसं घेऊन ये,” ती मुलाला म्हणाली. “आणि जिना उतरताना फळी कलती करायची नाही.”

मग व्यापाऱ्याकडे न बघता म्हणाली, “हा गोंद सावकाश धरतो. मला आता बोट काढता यायचं नाही. जाताना दार तेवढं तुम्हीच ओढून घ्या.”