शून्य मिनिटे

बालगृहाच्या भिंतीवरच्या पडद्यावर लिहिलं होतं: आजचे रडणे, शून्य मिनिटे.

"नव्वद दिवस शून्य! जिल्ह्यात पहिले आलो, ताई," अधीक्षक तेजश्री म्हणाली. "छतातल्या यंत्राचे कान सगळं ऐकतात. ओवी एकदाही रडली नाही, म्हणजे सावरली. यंत्रानं तिला काकाकडे परत पाठवायला मंजुरी दिलीय. तुमची तेवढी सही."

बालकल्याण समितीवरच्या मालनताईंनी इथेच तीस वर्षं मुलं सांभाळली होती. तेव्हा दिवेलागणीला एकानं रडण्याचा सूर लावला की सगळी सामील व्हायची आणि कुणाचं काय दुखतंय ते त्यातूनच कळायचं.

"बावीस मुलं आणि एकही रडत नाही? देवळातसुद्धा एवढी शांतता नसते गं."

त्यांनी सहा वर्षांच्या ओवीला कडेवर घेतलं. "काकाकडे जायचं ना?"

ओवीनं त्यांच्या पदराचा बोळा केला आणि सवयीनं तोंडात कोंबला. तिचं अंग गदगदू लागलं. आवाज मात्र आला नाही.

"मोकळी रड, बाळा."

बोळा काढून ती कुजबुजली, "वर ऐकू गेलं की इथल्या मावशींचे गुण कापतात."

पडद्यावर शून्यच होतं. मालनताईंनी सही न करताच पेन परत दिलं. ओवीला मात्र खाली ठेवलं नाही.