घरचं धरत नाहीत

“ते नाही धरत, एमेट,” कॉलेजच्या सल्लागार हॉलोवेबाई म्हणाल्या. “आईचं करणं म्हणजे घरचं काम. मेडिकलवाले विचारणार, परक्या पेशंटचं काय केलंस? तिथे तुझी पाटी कोरी.”

वडील गेल्यापासून आईचं, लोरेटाचं, सगळं एमेट ड्वोराकच करत होता. तिला कंपवात होता. हात थरथरायचेच, पण आता घासही धड गिळवेना. भरवायचं म्हणजे तिला ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, अर्धा चमचा द्यायचा आणि घसा हलेपर्यंत थांबायचं. वाटीभर बटाट्याच्या सुपाला तास लागायचा. तेवढ्या वेळात तो तिला हाडांची नावं म्हणून दाखवायचा आणि ती मुद्दाम चुकीची म्हणून त्याला चिडवायची.

बाईंचं म्हणणं त्याने घरी सांगितलं, तेव्हा लोरेटा हसली.

“मग जा की! दुसऱ्या म्हाताऱ्या शोध. मी काय पळून जातेय?”

“आणि तुझं कोण बघणार?”

“कुणीतरी ठेव. रोज तुझंच थोबाड बघून मलाही वीट आलाय.”

स्क्रँटन शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात त्याला मदतनिसाची नोकरी लागली. तिथला बहुतेक पगार ब्रियानाला जायचा. ही ब्रियाना त्याच्यामागे आईजवळ बसायची. पोरगी मायाळू होती, पण कामाला नवी. कसं भरवायचं ते एमेटने तिला दाखवलं. “घाई तेवढी करू नकोस,” म्हणाला आणि बस पकडायला पळाला.

वृद्धाश्रमात तो आल्या आल्या सगळ्यांच्या नजरेत भरला. प्रायर नावाचे एक आजोबा कुणापुढेच तोंड उघडत नसत. एमेट शेजारी बसला, हनुवटीला बोट लावलं, थांबला. आजोबांनी वाटी संपवली. मुख्य नर्स इतरांना म्हणाली, “या पोराकडून शिका जरा!” घरी लोरेटा रोज विचारायची, “आज कुणाला जेवू घातलंस?” तो सांगायचा आणि तिचा चेहरा खुलायचा. ती वाळत चालली होती, हे त्याला दिसत होतं. अर्ज जाईपर्यंतच काढायचंय, असं तो स्वतःला समजावायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो प्रायर आजोबांना भरवत असताना मुख्य नर्सने त्याला फोनवर बोलावलं. ब्रियाना रडत होती.

“त्यांना ठसका लागला... मग थांबला. थांबला असं वाटलं, म्हणून मी पुढचा घास दिला.”

अन्न फुप्फुसात गेलं होतं. त्यातून न्यूमोनिया झाला. आठवड्याच्या आत लोरेटा गेली. तोंडावरच्या ऑक्सिजनच्या मास्कमुळे शेवटी तिला बोलताही आलं नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ब्रियाना भिंतीला टेकून उभी होती. एमेटला तिच्यावर ओरडायचं होतं. पण आईला भरवणं हे त्याचं काम होतं, तिचं नव्हतं.

दफन झालं आणि तो परत कामावर गेला. आता घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. जादा पाळ्याही तोच घ्यायचा.

शरद ऋतूत मेडिकल कॉलेजची मुलाखत झाली. समोर डॉक्टर ऑस्ट्रँडर होते, पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे.

“तुमची नर्स लिहिते, तुम्ही परक्या माणसाला तासभर एकेक चमचा भरवता. इतका धीर कुठून आणलात?”

एमेटने उत्तर पाठ केलं होतं. ते आठवेना. मग तो आईबद्दल बोलू लागला. तिचं चिडवणं, तिचं सूप, ती फेब्रुवारीतली दुपार, आणि त्या वेळी आपण कुठे होतो आणि कुणाला भरवत होतो, सगळं त्याने सांगून टाकलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“अहो, मग हे अर्जात का नाही लिहिलंत?” ते हळूच म्हणाले. “आईची एवढी वर्षं सेवा केलीत. आम्हाला याहून मोठा अनुभव कुठला हवा असतो?”